मॅन पेजची फॉरमॅटिंग साफ करायचीय, एकाच पॅचमध्ये करू की तुकडे पाडू?

निळी_खिडकी

मंडळी, जरा सल्ला हवाय. फाइल शोधायचं एक कमांड लाइन टूल आहे, फाइंड या जुन्या युनिक्स कमांडच्याच वळणाचं, म्हणजे आधी पाथ द्यायचा, मग अटी, आणि शेवटी सापडलेल्या फाइलचं काय करायचं ते. मी त्यात अधूनमधून पॅच (सोर्समधले बदल) पाठवत असते. त्याचं मॅन पेज, म्हणजे टर्मिनलमध्ये वाचायचं मॅन्युअल, सध्या वाऱ्यावर होतं म्हणून मी अंगावर घेतलं, आणि आता सोर्स उघडून बघितल्यावर कळतंय की दुसरं कुणी का घेत नव्हतं.

वर्षानुवर्षं ज्याला जसं सुचलं तसं त्याने लिहिलंय. ऑप्शनचं नाव एका परिच्छेदात बोल्ड, पुढच्यात तेच इटॅलिक, तिसऱ्यात नुसतं कोटमध्ये. परिच्छेद कुठे .पीपी या आज्ञेने पाडलेत, कुठे .एसपी ने, कुठे सरळ रिकामी ओळ सोडलीय. उदाहरणं काही आत सरकलेली, काही डाव्या कडेला चिकटलेली. एवढंच असतं तर बसून लावलं असतं, पण मधेच एक बग आलाय. एकाने मॅन पेजमधलं उदाहरण जसंच्या तसं कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकलं तर टूल म्हणतंय अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही, आणि नाव कुठलं दाखवतंय तर -नेम! म्हणजे ऑप्शनलाच फाइल समजून बसलंय. माझ्याकडे तेच पेज, तेच उदाहरण, झकास चालतं.

मेंटेनर म्हणतो फॉरमॅटिंगच तर आहे, एका दमात सगळं बदल आणि मोकळी हो. रिव्ह्यू करणारा दुसरा एक जण आहे, तो म्हणतो एवढा मोठा डिफ (आधी-नंतरचा फरक) आला तर मी उघडणारसुद्धा नाही. दोघांचंही पटतं म्हणून इथे विचारतेय. आणि तो कॉपी-पेस्टचा प्रकार नक्की काय आहे?


ट्रॉफवाला

तो बग म्हणजे जुनं दुखणं आहे. तुमच्या सोर्समध्ये ऑप्शनच्या आधी नुसता - असणार, त्याच्या मागे बॅकस्लॅश नसणार. ट्रॉफ, म्हणजे मॅन पेजचा सोर्स वाचून पान छापणारा प्रोग्रॅम, त्याच्या लेखी नुसता - म्हणजे हायफन, शब्द जोडणारी रेघ, आणि \- म्हणजे मायनस. हे सगळं १९७३ च्या सुमाराला फोटोटाइपसेटरवर छापण्यासाठी लिहिलं गेलं, तिथे दोन्ही रेघांची लांबी वेगवेगळी, त्यामुळे फरक करणं रास्तच होतं. टर्मिनलवर एकच रेघ असल्याने पुढे कित्येक वर्षं कुणाला काही जाणवलं नाही, लोक सर्रास नुसता - टाकत राहिले. मग युनिकोड आलं आणि ग्रॉफ (ट्रॉफचा आजचा अवतार) नुसत्या - च्या जागी खराखुरा हायफन छापू शकायला लागला, यू+२०१०. डोळ्याला तीच रेघ, शेलला परकं अक्षर.

तुमच्याकडे चालतं कारण मॅनच्या मॅक्रोंमध्ये (.पीपी सारख्या तयार आज्ञांमध्ये) तो हायफन गुपचूप साधा डॅश करून टाकायची सोय होती. ग्रॉफ १.२३ मध्ये, २०२३ साली, ती काढली. काही डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांनी) आपापल्या सेटिंगमध्ये ती परत घातली, काहींनी नाही घातली. म्हणून एकाच पेजची दोन मशीनवर दोन रूपं. तुमच्या डिस्ट्रोने परत घातली असणार.

फक्त डॅशच नाही हं. सरळ ' लिहिला की तो वळणदार कोट होतो, उलटा ` पण तसाच, आणि ^ आणि ~ यांचंही तेच. फाइल शोधणाऱ्या टूलच्या मॅन्युअलमध्ये हीच तर सगळी अक्षरं भरलेली असतात, रेजेक्समध्ये (शोधाच्या नमुन्यात) ^, होम डिरेक्टरीला ~, पॅटर्नभोवती '. सरळ कोट हवा असेल तर बॅकस्लॅश, उघडा कंस आणि मग ए क्यू अशी दोन अक्षरं लिहायची. ^ साठी एच ए, ~ साठी टी आय, उलट्या कोटसाठी जी ए. दिसायला भयाण दिसतं सोर्स, पण इलाज नाही.

आणि लेसमध्ये (मॅन पेज ज्यात उघडतं त्या प्रोग्रॅममध्ये) / दाबून -नेम शोधलं तरी सापडत नाही अशी तक्रार कधी आली असेल तर तिचंही मूळ हेच. यूजर साधा डॅश टाइप करतो, पानावर हायफन बसलेला असतो. शोधाच्या टूलच्या मॅन्युअलमध्ये शोध चालत नाही, यावर वेगळं काय बोलावं!

फक्त एक करू नका, सगळ्या फाइलवर सेड (मजकूर सरसकट बदलणारी कमांड) फिरवून प्रत्येक - चा \- करू नका. वाक्यातले जोडशब्द असतात त्यात हायफनच बरोबर आहे. ऑप्शन, फाइलची नावं, आणि जे जे कुणी टर्मिनलमध्ये चिकटवू शकेल तेवढ्यालाच \-.


मार्कडाउनच_बरं

मला एक कळत नाही, २०२० नंतर कुणी हाताने रॉफ (ट्रॉफची ही खुणांची भाषा) का लिहितंय? मार्कडाउनमध्ये किंवा तसल्याच साध्या खुणांमध्ये लिहा, पॅनडॉक नाहीतर एससीडॉकने मॅन पेज काढा, संपला विषय. एस्केपिंगची, म्हणजे ते बॅकस्लॅश घालायची, कटकट जनरेटर बघून घेतो. रिपग्रेप हे शोधाचं टूल तर फ्लॅगची माहिती कोडमध्येच ठेवतं आणि त्यातूनच हेल्प पण काढतं आणि मॅन पेज पण. दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिलेल्या असण्याचा प्रश्नच येत नाही.


ट्रॉफवाला

रिपग्रेपचं उदाहरण चांगलं आहे, पण ते ज्यांनी टूल लिहिलं त्यांनीच केलं, बाहेरून पॅच पाठवणाऱ्याने नाही. या ताईंना मॅन पेजची साफसफाई करायचीय, तुम्ही त्यांना प्रोजेक्टची बिल्ड सिस्टीम बदलायला सांगताय. आणि आत्ता जो गोंधळ आहे तो तसाच मार्कडाउनमध्ये गेला तर गोंधळच राहील. कुठला ऑप्शन बोल्ड आणि कुठला इटॅलिक हे जनरेटरला कसं कळणार, ते आधी माणसानेच ठरवायला लागतं. आधी साफ करा, मग हवं तर हलवा.


अर्धविराम

वरचं सगळं बरोबर आहे पण जी गोष्ट मला सगळ्यात भीतीदायक वाटते ती राहिली, अर्धवट साफसफाई. समजा मॅन्युअलमध्ये हे उदाहरण आहे (फाइंडवर सांगतो, तुमचं टूल त्याच वळणाचं आहे म्हणताय):

फाइंड . -नेम '*.टीएमपी' -डिलीट

यात मागे कधीतरी कुणी -डिलीट वाला भाग नीट करताना तिथे \- घातला आणि -नेम तसाच सोडला. आता हे पान अशा मशीनवर उघडा जिथे नुसता - हायफन म्हणून छापला जातो, आणि कॉपी करून चालवा. फाइंड पाथ कुठपर्यंत वाचतं? खऱ्या डॅशने सुरू होणारा पहिला शब्द येईपर्यंत (किंवा कंस, किंवा !). इथे -नेम च्या आधीची रेघ खोटी आहे, म्हणजे फाइंडसाठी तो पाथ. त्याच्यापुढचं '*.टीएमपी' तेही पाथ. मग येतो खरा डॅशवाला -डिलीट. म्हणजे फाइंडला काय ऐकू आलं, तर तीन पाथ घे आणि सापडेल ते उडव, अट काहीच नाही. पाथ ते दिलेल्या क्रमाने घेतं, त्यामुळे पहिला . पूर्ण साफ होतो, आणि त्यानंतर बाकीच्या दोन पाथबद्दल 'अशी फाइल नाही' असे दोन एरर येतात. एरर दिसेपर्यंत खेळ खलास.

गंमत बघा, पानावरचे सगळेच डॅश खोटे असते तर काहीच बिघडलं नसतं, फाइलींची यादी छापून एरर आले असते. म्हणजे अजिबात साफ न केलेलं पान सुरक्षित, पूर्ण साफ केलेलं पान सुरक्षित, आणि अर्धवट साफ केलेलं पान घातक.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं की डॅश आणि कोटचं काम पूर्ण फाइलभर एकाच कमिटमध्ये (एकाच नोंदवलेल्या बदलात) करा, त्याचे तुकडे पाडू नका, आज अर्धी फाइल उद्या अर्धी असं तर मुळीच नको कारण मधल्या काळात कुणी रिलीज काढला तर ते अर्धवट पान जगभर जाईल. बाकीचं बोल्ड, इटॅलिक, परिच्छेद वगैरे हवं तेवढं तुकड्यातुकड्याने करा, त्याने कुणाच्या फाइली जात नाहीत. आणि जाता जाता, डिलीटच्या प्रत्येक उदाहरणाच्या आधी तेच उदाहरण -प्रिंट लावून दाखवा. फाइंडच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये इशारा आहेच की -डिलीट सगळ्यात आधी लिहिला तर पाथखालचं सगळं जाईल.


निळी_खिडकी

बापरे. आत्ताच सोर्समध्ये बघितलं, आमच्याकडे डिलीटच्या उदाहरणात नेमकं असंच मिश्रण आहे, एक डॅश एस्केप केलेला आणि एक नाही. ते आज रात्रीच वेगळ्या पॅचमध्ये पाठवते, बाकीच्याची वाट न बघता.

अजून एक विचारू का? दोन ठिकाणी वाक्याचा तुकडाच गायब आहे. सोर्समध्ये दिसतो, छापल्यावर नाही. एरर नाही वॉर्निंग नाही, गायब म्हणजे गायब. एका ठिकाणी .गिटइग्नोर बद्दलचं वाक्य आहे, दुसरीकडे पॅटर्नचं. आणि -एक्झेक (सापडलेल्या फाइलवर दुसरी कमांड चालवणारा ऑप्शन) वाल्या उदाहरणातला शेवटचा बॅकस्लॅश पण छापला जात नाही.


ट्रॉफवाला

गायब झालेल्या ओळींची सुरुवात बघा कशाने होतेय. नक्की . किंवा ' ने होत असणार. रॉफमध्ये ओळीच्या पहिल्या जागी यातलं काहीही आलं की ती ओळ म्हणजे आज्ञा. .गिटइग्नोर हा शब्द वाक्याच्या मध्ये असतो तोवर ठीक, पण कुणीतरी एडिटरमध्ये परिच्छेद परत गुंडाळला, ओळी नव्याने तुटल्या आणि .गिटइग्नोर नेमका ओळीच्या तोंडाशी आला. मग ग्रॉफ त्या नावाचा मॅक्रो शोधतो, मिळत नाही, आणि अख्खी ओळ गुपचूप सोडून देतो. '*.सी' चं पण तेच. उपाय एवढाच की ओळीच्या सुरुवातीला \& लावा, म्हणजे \&.गिटइग्नोर. ते काही छापत नाही, पण मग . पहिल्या जागी राहत नाही. मी तर असे शब्द वाक्यात कुठेही असले तरी आधीच \& लावून ठेवतो, उद्या कोण कुठे गुंडाळेल सांगता येत नाही.

बॅकस्लॅशचं तर विचारूच नका. रॉफचं स्वतःचं एस्केप अक्षर तेच. तुम्ही सोर्समध्ये \; लिहिलं, रॉफने बॅकस्लॅश खाल्ला आणि ; तेवढा ठेवला. यूजरने तो कॉपी केला की शेल तो ; स्वतःकडे ठेवतं आणि फाइंड रडतं की -एक्झेकला आर्ग्युमेंट कमी पडतंय. कंसांचं त्याहून वाईट. फाइंडच्या अटी गटात बांधायला \( आणि \) लागतात, पण रॉफमध्ये \( म्हणजे पुढची दोन अक्षरं हे एका खास चिन्हाचं नाव. ते पुढची दोन अक्षरं गिळायला बघतं, आणि \) म्हणजे काहीच न छापणारं एक अक्षर. त्यामुळे गटाचे कंस दोन्ही बाजूंनी उडतात आणि उदाहरणाचा अर्थच बदलतो, ऑर आणि अँडचा क्रम वेगळा लागतो. जिथे खरा बॅकस्लॅश छापायचाय तिथे बॅकस्लॅश आणि त्याला लागून लहान ई लिहा.

आणि वॉर्निंग येत नाही म्हणालात, ती बाय डिफॉल्ट बंद असते. ग्रॉफ -डब्ल्यूडब्ल्यू -झेड लावून चालवा, छापत काही नाही, फक्त बोंब मारतं. मॅनडॉक या दुसऱ्या टूलचं लिंट (चुका शोधायचं) मोड त्याहून कडक आहे, ओळीच्या शेवटची स्पेससुद्धा काढतं. पहिल्यांदा चालवाल तेव्हा स्क्रीन भरून वाहील, घाबरू नका.


भाषांतर_खिडकी

तुकडे कसे पाडायचे यावर माझ्या बाजूने एक विनंती. मी मॅन पेजची भाषांतरं करते, पीओफोरए हे टूल वापरून. ते मूळ पानातला एकेक परिच्छेद उचलून आमच्यासमोर ठेवतं, आणि बोल्ड-इटॅलिकच्या खुणा त्या मजकुरातच असतात. तुम्ही एखाद्या परिच्छेदातला एक शब्द इटॅलिकचा बोल्ड केलात, शब्द तोच, अर्थ तोच, तरी आमच्याकडे तो परिच्छेद फझी (पुन्हा तपासायला हवा असा) होतो. फझी झालेलं भाषांतर छापताना वापरलंच जात नाही, तिथे मूळ इंग्रजी येतं. आणि अख्ख्या पानाचं भाषांतर ८० टक्क्यांखाली गेलं तर बाय डिफॉल्ट ते भाषांतरित पानच तयार होत नाही. म्हणजे तुमच्या एका संध्याकाळच्या बोल्डच्या हौसेत पाच भाषांमधलं पान नाहीसं होऊ शकतं.

करू नका असं नाही म्हणत. पण फॉन्टचे बदल रिलीजच्या आदल्या दिवशी घालू नका, आणि कमिट मेसेजमध्ये स्पष्ट लिहा की मजकूर बदललेला नाही, म्हणजे आम्ही झरझर पुढे सरकतो. एकाच कमिटमध्ये तीन ठिकाणी फॉन्ट आणि चौथ्या ठिकाणी हळूच एक वाक्य बदललेलं असलं ना, की आम्हाला प्रत्येक परिच्छेद अक्षर न अक्षर ताडून बघायला लागतो. डोकं उठतं.


अर्धविराम

हे एकदम महत्त्वाचं बोललात. मजकूर आणि फॉरमॅटिंग एका कमिटमध्ये नकोच. आणि मजकूर बदललेला नाही हे नुसतं म्हणायचं नाही, दाखवता येतं. आधीचं पान आणि नंतरचं पान दोन्ही ठरावीक रुंदीला छापून घ्यायची, मॅनविड्थ हे व्हेरिएबल ८० ठेवून, आणि दोघांचा डिफ काढायचा. परिच्छेदांचे मॅक्रो बदलले असतील तर डिफ रिकामा यायला हवा, किंवा फारतर एखादी रिकामी ओळ इकडची तिकडे. डॅशच्या कमिटमध्ये फक्त डॅश आणि कोट दिसायला हवेत. पण तो डिफ तुमच्या मशीनवर कदाचित रिकामाच येईल कारण तुमची डिस्ट्रो दोन्ही एकसारखेच छापते! तेवढ्यापुरतं ती सेटिंग काढून किंवा दुसऱ्या मशीनवर बघा.

फॉन्टचा बदल मात्र असा दिसत नाही, पाइपमधून नेलं की मॅन बोल्ड वगैरे काढून टाकतं. तुमची मॅन कमांड मॅन-डीबी ची असेल तर मॅन_कीप_फॉरमॅटिंग हे व्हेरिएबल १ करून चालवा, मग फॉन्टच्या खुणा पण आउटपुटमध्ये राहतात. हा डिफ पॅचसोबत चिकटवून दिलात तर तो रिव्ह्यूवाला सोर्सच्या हजार ओळी कशाला वाचेल, आउटपुटच्या वीस ओळी बघेल आणि हो म्हणेल.

गिटचा ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी सोय) खराब होतो म्हणून कुणी कुरकुर केली तर त्या कमिटचा हॅश एका फाइलमध्ये टाकून गिटला दुर्लक्ष करायला सांगता येतं, २.२३ पासून ती सोय आहे.


निळी_खिडकी

डिलीटवाला पॅच गेला, मेंटेनरने लगेच घेतला, उदाहरण वाचून तोही जरा हादरला बहुतेक. आता उरलेल्या सगळ्या फाइलचे डॅश, कोट आणि बॅकस्लॅश एका कमिटमध्ये, मग गायब ओळी, मग परिच्छेद, आणि फॉन्ट सगळ्यात शेवटी, रिलीज झाल्यावर. भाषांतरवाल्यांना आधी कळवीन.

एकाच जागी अडलेय. ऑप्शनची यादी .टीपी ने केलीय. ज्या ऑप्शनला दोन परिच्छेद आहेत तिथे दुसरा परिच्छेद एकदम डाव्या बाजूला सरकतो, जणू त्याचा ऑप्शनशी संबंधच नाही. -मॅक्सडेप्थ ला तर ऑप्शन आणि त्याची लेव्हल्स हे एकमेकांना चिकटून एकच शब्द होतो.


ट्रॉफवाला

.टीपी नंतर .पीपी आला की इंडेंट परत शून्यावर जातो, म्हणून यादीच्या आतल्या दुसऱ्या परिच्छेदाला .पीपी नाही, नुसतं .आयपी द्या, पुढे काही न लिहिता. ते आधीचा इंडेंट धरून ठेवतं.

चिकटण्याचं कारण .बीआय. ते पहिला तुकडा बोल्ड, दुसरा इटॅलिक असं आलटून पालटून लावतं पण मध्ये स्पेस सोडत नाही, कारण ते मुळात फॉन्ट बदलला तरी शब्द सलग राहावा यासाठीच आहे. स्पेस दुसऱ्या तुकड्यात डबल कोटच्या आत घाला:

.बीआय \-मॅक्सडेप्थ " लेव्हल्स"

आणि फॉन्टचा नियम एकदाच ठरवून फाइलच्या वर कॉमेंटमध्ये लिहून ठेवा, जसंच्या तसं टाइप करायचं ते बोल्ड, यूजरने स्वतःचं घालायचं ते इटॅलिक, आणि कोटमध्ये काहीच नाही. नाहीतर पुढचा माणूस येऊन चौथी पद्धत सुरू करेल.


मार्कडाउनच_बरं

एमडॉक (मॅन पेजच्या मॅक्रोंचा दुसरा संच) घ्या मग निदान. तिथे .एफएल लिहिलं की डॅश तोच लावतो, बरोबरवाला, आणि .एआर लिहिलं की आर्ग्युमेंट. फॉन्ट तुम्ही ठरवायचाच नाही. बीएसडीवाल्यांचं फाइंडचं पान एमडॉकमध्येच आहे.


ट्रॉफवाला

हे मात्र पटलं. नवं पान लिहायचं असतं तर मीही एमडॉकच सुचवलं असतं. पण फॉन्टचा पॅच रिलीजनंतरच जाणार आहे, तेव्हा एमडॉकचा विषय त्यानंतर मेंटेनरसमोर वेगळा काढा. आत्ता त्याचं नाव घेतलंत तर डॅशचा कमिटही लटकेल.